निकोडेमस: रूळ नदीपलीकडे गेले, गाव अलीकडेच राहिलं

२०२० च्या जनगणनेत निकोडेमसची लोकसंख्या १४ भरली. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, वायव्येच्या ग्रॅहम काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा), २४ क्रमांकाच्या महामार्गालगत हे गाव आहे. पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर काउंटीचं मुख्य ठाणं हिल सिटी, पूर्वेला तीसेक किलोमीटरवर स्टॉकटन, दक्षिणेला सॉलोमन नदीची दक्षिण शाखा. चारी बाजूंना गव्हाची शेतं आणि गवताळ माळ. उंच म्हणावं असं काही नाही, त्यामुळे कुणी येत असेल तर तो दिसू लागल्यापासून पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो.

अमेरिकेत अशा वस्तीला ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ म्हणतात. तिला नाव असतं, रस्त्यावर पाटी असते, इतिहास असतो. पण नगरपालिका नसते, महापौर नसतो, स्वतःची करवसुली नसते. रस्ते, पोलीस, जमिनीचं दप्तर हे सगळं काउंटीकडे आणि तिच्याखालच्या टाउनशिपकडे. आपल्याकडे एखादी वाडी गट ग्रामपंचायतीत असते, लोक तिला नावानिशी ओळखतात पण शिक्का दुसऱ्या गावाचा लागतो, साधारण तसंच. कॅन्ससच्या माळावर एकोणिसाव्या शतकात अशी शेकडो गावं वसली. रेल्वे हुकली, काउंटीचं ठाणं दुसरीकडे गेलं की त्यांतली बहुतेक दहा-वीस वर्षांत पुसली गेली. निकोडेमसचं हे दोन्ही हुकलं. पुढे टपाल कार्यालय गेलं, शाळा गेली. तरीही गाव पुसलं गेलं नाही. ते का टिकलं, हे समजून घ्यायचं तर ते कुठे आणि कसं वसवलं गेलं तिथून सुरुवात करावी लागते.

पत्रकातली जमीन

१८७७ हे साल महत्त्वाचं आहे. यादवी युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या गुलामांच्या रक्षणासाठी ठेवलेलं केंद्राचं सैन्य त्याच वर्षी मागे घेतलं गेलं आणि जुने मालक पुन्हा सत्तेवर येऊ लागले. मुक्त माणूस कागदोपत्री नागरिक होता, पण जमीन त्याची नव्हती. कालच्याच मालकाच्या शेतात तो वाट्याने राबत होता आणि दुकानदाराचं कर्ज फेडता फेडता वर्ष संपत होतं. दुसरीकडे १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार पश्चिमेत पाच वर्षं राहून जमीन कसली तर १६० एकर आपल्या नावावर होत होती. ज्याच्या आईबापांचीच मालमत्ता म्हणून विक्री झाली, त्याच्यासाठी स्वतःच्या नावाचा सातबारा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

एप्रिल १८७७ मध्ये ‘निकोडेमस टाउन कंपनी’ स्थापन झाली. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ आणि सचिव रेव्हरंड सायमन राउंडट्री हे कृष्णवर्णीय, खजिनदार डब्ल्यू. आर. हिल हा इंडियानाहून आलेला गोरा जमीन-व्यापारी. गावाची जागा १६० एकरांची. त्या वर्षीच्या २ जुलैचं त्यांचं पत्रक उपलब्ध आहे. त्यात सॉलोमन खोऱ्याचं वर्णन आहे: काळी सकस माती, डोळ्यांना सुखावणारा चढउताराचा मुलूख, मुबलक पाणी, जिवंत झरे, बांधकामाला सोपा दगड, जळणापुरतं लाकूड आणि कोळसाही भरपूर सापडेल याची खात्री.

मी हे पत्रक वाचतो तेव्हा दर वेळी कोळशाच्या वाक्यावर अडतो. माती खरोखर चांगली होती. दगडही खरा होता, कारण इथला चुनखडीचा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत घट्ट होतो. गावाच्या जुन्या इमारती त्याच दगडाच्या आहेत. पण झाडं होती ती नदी-ओढ्यांच्या काठाला, तीही विरळ, आणि कोळशाचा तर पत्ताच नव्हता. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो अशा मुलखात जळणाबद्दलची चुकीची माहिती जिवावर बेतू शकते.

पत्रकात नसलेली एक गोष्ट त्याहून मोठी होती. अमेरिकेच्या मधोमध १०० वं पश्चिम रेखावृत्त जातं. १८७८ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने सरकारला अहवाल दिला की साधारण या रेषेच्या पश्चिमेला वर्षाला २० इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटरपेक्षा, कमी पाऊस पडतो आणि तिथे केवळ पावसावरची शेती बेभरवशाची आहे. त्या कोरड्या चराऊ मुलखात एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील, असा त्याचा हिशेब होता. निकोडेमस या रेषेच्या पूर्वेला जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. इथे चांगल्या वर्षी गहू-मका डोलतो आणि वाईट वर्षी काहीच हाती लागत नाही. कायदा मात्र ओल्या पूर्वेचं माप घेऊन १६० एकरच देत होता. अहवाल आला तेव्हा निकोडेमसचे लोक येऊन पोहोचले होते.

गावाच्या नावाबद्दल एक कथा सांगतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या निकोडेमस नावाच्या राजपुत्राने पुढे स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. १८६० च्या दशकातल्या एका लोकप्रिय गाण्यातही हे नाव होतं. खरंखोटं काहीही असो, नाव निवडणाऱ्यांच्या मनात स्वातंत्र्य होतं एवढं नक्की.

जमिनीतून निघणारा धूर

पहिली लहान तुकडी १८७७ च्या उन्हाळ्यात कॅन्ससच्याच टोपेकाहून आली. मोठी तुकडी आली केंटकीहून. लेक्सिंग्टनमध्ये लागलेलं एक भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे: ज्या कृष्णवर्णीयांना ५ सप्टेंबर १८७७ रोजी कॅन्ससला जायचं आहे त्यांना ५ डॉलरमध्ये जाता येईल. त्या सप्टेंबरात तीनशेहून अधिक माणसं निघाली. रेल्वेने ते एलिस या गावी उतरले. तिथून उत्तरेला सुमारे ५५ किलोमीटर त्यांनी पायी आणि गाड्यांतून काटले. बिनसडकेचा माळ, दोन दिवसांची चाल, सोबत पोरंबाळं.

पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी आपली आठवण नंतर सांगून ठेवली. एलिसमध्ये मुक्काम असताना त्यांच्या तुकडीत गोवराची साथ आली आणि काही मुलं तिथेच दगावली. मग मजल दरमजल करत ते निघाले. नवऱ्याने आणि इतरांनी ‘ते बघा निकोडेमस’ म्हणून हाक दिली तेव्हा त्या आजारी होत्या. तरी त्यांनी उठून पाहिलं आणि विचारलं, कुठे आहे? घर दिसत नव्हतं. जमिनीतून धुराच्या रेषा वर जात होत्या. लोक जमिनीखाली राहत होते. ते पाहून त्यांना रडू कोसळलं.

ही घरं म्हणजे ‘डगआउट’. टेकाडाच्या उतारात किंवा ओढ्याच्या काठात चौकोनी खोली खणायची, पुढची बाजू हरळीसकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचून बंद करायची, वर फांद्या, गवत, पुन्हा माती. झाडं नसलेल्या मुलखात गोरे वसाहतवालेही असंच राहत. पण केंटकीच्या झाडीतून आणि लाकडी घरांतून आलेल्या माणसाला हे उंदरा-घुशीसारखं बिळात राहणं वाटलं असेल. जळणाला सूर्यफुलाची वाळकी ताटं आणि रानरेड्यांच्या रानशेण्या. कोळसा विसरून जायचा. बैल-घोडे जवळजवळ नव्हते, नांगर नव्हते. शतकानुशतकं घट्ट विणलेल्या मुळांची ती हरळ अनेकांनी फावड्या-कुदळीने फोडली.

साठेक कुटुंबं निराश होऊन पूर्व कॅन्ससकडे परत फिरली, असं सांगितलं जातं. त्यांना दोष देणं मला जमत नाही. उरलेल्यांनी पहिला हिवाळा कसा काढला, त्यात एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते: शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचं मांस आणि अन्न त्यांना दिलं. ओसेज लोकांना स्वतःला कॅन्ससमधून काढून दक्षिणेला मूळ जमातींसाठी ठरवलेल्या ‘इंडियन टेरिटरी’त पाठवून तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. सरकार ‘मोकळी जमीन’ म्हणत होतं ती मोकळी कशी झाली, हे या एका प्रसंगात कळतं. निकोडेमसच्या कहाणीतला हा भाग घाईने वाचून पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

दहा वर्षांची उभारी

तग धरलेल्यांनी जे उभं केलं ते थोडक्यात असं. पहिली शाळा जमिनीखालच्या खोलीत भरली, शिक्षिका होत्या जेनी फ्लेचर. त्यांचे पती झेड. टी. फ्लेचर टपाल बघत. १८८१ मध्ये फ्लेचर दांपत्याने चुनखडी दगडाचं ‘सेंट फ्रान्सिस हॉटेल’ बांधलं. १८८५ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची इमारत उभी राहिली. बाप्टिस्टांचं चर्च त्याआधीपासून होतंच, तेही आधी मातीत आणि मग दगडात. १८८६ आणि १८८७ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि ‘निकोडेमस एंटरप्राइझ’ अशी दोन वर्तमानपत्रं निघाली. बँक, दुकानं, साहित्य मंडळ, वाजंत्री पथक, बेसबॉलचा संघ आणि आइस्क्रीमचं दुकानसुद्धा. दहा वर्षांपूर्वी जिथे धूर जमिनीतून निघत होता, तिथे उन्हाळ्यात आइस्क्रीम मिळू लागलं.

राजकारणातही हे गाव लहान नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी जन्मलेले एडवर्ड मॅकेब १८७८ मध्ये निकोडेमसला आले आणि जमिनीच्या दाव्यांची कामं पाहू लागले. १८८० मध्ये ग्रॅहम काउंटीची रीतसर रचना झाली तेव्हा राज्यपाल सेंट जॉन यांनी त्यांना हंगामी काउंटी क्लार्क नेमलं. १८८२ मध्ये ते कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले, १८८४ मध्ये पुन्हा आले. गुलामी संपून सतरा वर्षं झालेली असताना राज्यभरातल्या मतदारांनी एका कृष्णवर्णीयाला तिजोरीचे हिशेब तपासायला निवडलं होतं. पुढे ते ओक्लाहोमाला गेले आणि तिथे लँगस्टन हे गाव वसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

एक गल्लत इथेच दूर करतो. १८७९ मध्ये दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय एकाएकी कॅन्ससकडे निघाले. त्या लोंढ्याला ‘एक्सोडस्टर’ म्हणतात आणि निकोडेमस त्याचंच अपत्य मानलं जातं. निकोडेमस त्याच्या दोन वर्षं आधीचं, आखून-ठरवून वसवलेलं गाव आहे. कॅन्ससमधल्या इतर वसाहतींचे प्रवर्तक बेंजामिन सिंगलटन यांचाही निकोडेमसच्या स्थापनेशी संबंध जोडला जातो, तोही बरोबर नाही.

१८८८

प्रकरणाची कळ या वर्षात आहे. माळावरच्या गावाला रेल्वे का लागते, हे साध्या हिशेबाने कळतं. गहू जड आणि स्वस्त. तो बैलगाडीने तीस किलोमीटर न्यायचा तर एक दिवस जायला, एक दिवस यायला, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत असे दिवस हाताशी नसतात. शेतकरी आपला माल जवळच्या स्टेशनवर नेतो आणि मीठ, लोखंड, कापड तिथूनच आणतो. दुकान तिथे, बँक तिथे, मग शाळा आणि डॉक्टर तिथे.

मिसूरी पॅसिफिक कंपनीचे रूळ पूर्वेच्या स्टॉकटनपर्यंत आले होते. ते पुढे निकोडेमसला यावेत म्हणून १८८७ मध्ये गावकऱ्यांनी १६,००० डॉलरचे रोखे द्यायचं मतदानाने ठरवलं. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे नांगर नव्हता त्यांनी ही रक्कम कबूल केली होती. व्यवहार जुळला नाही. मिसूरी पॅसिफिक स्टॉकटनलाच थांबली. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने आपला मार्ग टाकला, तो सॉलोमनच्या दक्षिण काठाने. रूळ टाकणाऱ्या मजुरांचा तळ नदीपलीकडे, निकोडेमसपासून नैऋत्येला काही किलोमीटरवर पडला आणि तोच वाढून बोग हे गाव झालं.

त्यानंतरचं दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावं असं आहे. निकोडेमसचे व्यापारी दुकानं बंद करून गेले, आणि काहींनी तर इमारतीच सोबत नेल्या. लाकडी दुकान पायापासून उचकटायचं, ओंडक्यांवर किंवा गाड्यांवर चढवायचं आणि जनावरं जुंपून नदीपलीकडे ओढून न्यायचं, ही त्या माळावरची नेहमीची रीत होती. वर्तमानपत्रं बंद पडली.

काउंटीच्या ठाण्याचं तसंच. १८८० मध्ये हंगामी मान मिलब्रूकला मिळाला होता. १८८७ च्या टोर्नेडोत मिलब्रूक उद्ध्वस्त झालं आणि १८८८ मध्ये ठाणं हिल सिटीला गेलं, तिथे रेल्वेही आली. हिल सिटी हे नाव कुणाचं? निकोडेमसचे खजिनदार डब्ल्यू. आर. हिल यांचंच. केंटकीत जाऊन लोकांना कोळशाच्या आणि झऱ्यांच्या देशात बोलावणाऱ्या माणसाने शेजारीच स्वतःच्या नावाचं दुसरं गाव वसवलं होतं आणि शेवटी न्यायालय, स्टेशन, बाजार सगळं त्या गावाला मिळालं. मिसूरी पॅसिफिकने माघार का घेतली आणि युनियन पॅसिफिकने दक्षिण काठ का धरला, याची तांत्रिक कारणं देता येतात. पण निर्णय घेणाऱ्यांत निकोडेमसचं कुणी नव्हतं. गावाची जागा एका व्यापाऱ्याने ठरवली, शेताचं माप दूरच्या कायद्याने, रुळांची दिशा कंपनीने.

जे हातात होतं

मग लोकांच्या हातात काय होतं? जमीन. दुकानं ओंडक्यांवरून गेली, पण १६० एकर हलवता येत नाहीत. निकोडेमसच्या टिकण्याचं पहिलं कारण हेच आहे, असं माझं मत आहे. ज्या गावांचा आधार केवळ व्यापार होता ती रेल्वेबरोबर मेली. निकोडेमस १८८८ मध्ये व्यापारी गाव म्हणून संपलं आणि शेतकऱ्यांची वस्ती म्हणून राहिलं. भोवतालच्या शेतांतली कुटुंबं नांदत होती, आपसांत सोयरिकी करत होती. १९०७ मध्ये बाप्टिस्टांनी नवं चर्च बांधलं, १९१८ मध्ये नवी शाळा उभी राहिली. व्यापार उठून गेल्यावर वीस-तीस वर्षांनी बांधलेल्या या इमारती आहेत, आणि त्या कुणाला भुलवण्यासाठी बांधल्या नव्हत्या.

दुसरा घाव १९३० च्या दशकाचा. सलग कोरडी वर्षं, उडती माती, कोसळलेले भाव. पॉवेलचा जुना हिशेब इथे खरा ठरला. १६० एकरांवर कुटुंब जगवणं अशक्य झालं, आणि ट्रॅक्टर आल्यावर एकच माणूस कित्येक पट जमीन कसू लागला. मुलं डेन्व्हरला, टोपेकाला, कॅन्सस सिटीला, कॅलिफोर्नियाला गेली. १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झालं, १९६० मध्ये शाळा. मात्र १९३९ मध्ये, धुळीच्या त्याच वर्षांच्या शेवटी, सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीचं टाउनशिप सभागृह उभं राहिलं होतं. नगरपालिका नसलेल्या गावाची चारचौघांत बसायची जागा ती. टाउनशिपच्या बैठका, निवडणुका, जेवणावळी, नाच सगळं तिथेच.

इथून गेलेल्यांत व्हेरिल स्विट्झर यांचं नाव घ्यायलाच हवं. १९३२ मध्ये निकोडेमसला जन्म, कॅन्सस स्टेट विद्यापीठात अमेरिकन फुटबॉल, १९५४ च्या व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत देशात चौथ्या क्रमांकावर ग्रीन बे पॅकर्स या संघाकडे. पुढे ते विद्यापीठात प्रशासक झाले, पण निकोडेमसची शेती त्यांनी सोडली नाही. ही वृत्ती त्यांच्या एकट्याची नाही. पहिल्या कुटुंबांच्या वारसांकडे काही जमीन आजही आहे.

आणि दरवर्षीचं परतणं. जुलैच्या अखेरीस, ऑगस्टच्या तोंडावर गावात ‘होमकमिंग’ भरतं. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वेस्ट इंडीजमध्ये गुलामी कायद्याने संपली, त्या मुक्तिदिनाचा हा उत्सव आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय तो यादवी युद्धाच्या आधीपासून पाळत, आणि निकोडेमसच्या लोकांनी पहिल्या वर्षांपासून पाळला. पूर्वी नदीकाठच्या झाडीत तंबू पडत, शर्यती होत, बेसबॉल होई, रात्री नाच. आज मिरवणूक निघते, सभागृहात पंगती होतात, रविवारी चर्चमध्ये उपासना होते, आणि देशाच्या टोकांवरून शेकडो वंशज येतात. आपल्याकडे नोकरीसाठी मुंबईला गेलेली माणसं जत्रेला गावी येतात, देवळाच्या सभामंडपात कोण कुणाचा हे पुन्हा एकदा पारखलं जातं, ते ज्याने अनुभवलंय त्याला निकोडेमसचं हे परतणं समजावून सांगावं लागणार नाही.

या परतणाऱ्यांमुळेच पुढचं घडलं. १९७६ मध्ये गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आलं. वंशजांपैकी अँजेला बेट्स यांनी निकोडेमस हिस्टॉरिकल सोसायटी स्थापली, घराघरांतल्या आठवणी आणि कागद गोळा केले, पाठपुरावा केला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी निकोडेमस ‘नॅशनल हिस्टॉरिक साइट’ म्हणून राष्ट्रीय उद्यान सेवेशी जोडलं गेलं. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचना काळात मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावांपैकी आज उरलेलं हे एकमेव. संरक्षणात पाच इमारती आहेत: दोन चर्चं, हॉटेल, शाळा आणि टाउनशिपचं सभागृह.

पाच इमारती जपल्याने वस्ती जपली जात नाही, हेही इथल्या लोकांना माहीत आहे. शाळा नाही, दुकान नाही, नोकरी नाही. किराणा, दवाखाना, औषध कशालाही हिल सिटी किंवा स्टॉकटन गाठावं लागतं. एकट्या शेतीवर नव्या कुटुंबाने इथे येऊन राहावं असं गणित आज जमत नाही. नदीपलीकडच्या बोगची वस्तीसुद्धा आता दीडशेच्या आसपास आहे; रेल्वे मिळालेलं गावही फार पुढे गेलं नाही.

अमेरिकेच्या जनगणनेचा संदर्भ-दिवस १ एप्रिल असतो. त्या दिवशी जो जिथे नेहमी राहतो तिथे त्याची नोंद होते. निकोडेमसच्या माळावर एप्रिलमध्ये थंड वारा असतो, गहू वीतभर वर आलेला असतो आणि गावात तीच चौदा माणसं असतात. होमकमिंगच्या आधी गहू निघालेला असतो. सभागृहाची दारं उघडून आतली धूळ झाडली जाते आणि डेन्व्हरच्या, टोपेकाच्या, कॅलिफोर्नियाच्या नंबरपाट्यांच्या गाड्या २४ क्रमांकाच्या महामार्गावरून वळून आत येऊ लागतात.